चारही उठले

निपाणी, ता. २९ डिसेंबर १९३५

सौ. आक्का, जयजिनेंद्र.

तीन वर्षांनी तुला लिहिते आहे. तू पाकीट उलटसुलट करून बघशील आणि मग धनपालरावांना हाक मारशील, हे मला इथून दिसतं. पत्र तुझं, पण तुला आणि दाजींना वाचता येत नाही, तेव्हा ते आधी तुझ्या दिरांच्या डोळ्यांखालून जाणार. म्हणून त्यांनाही नमस्कार, आणि विनंती की शेवटपर्यंत वाचावं. यात लग्नाचा विषय नाही.

मी बरी आहे. इथल्या मुलींच्या शाळेत दुसरी इयत्ता माझ्याकडे आहे. मुख्य बाईंच्या घरी मागच्या खोलीत राहते. आप्पा महिन्यातून एकदा अक्कोळहून येतात, शेंगा आणि जोंधळ्याचं पीठ ठेवून जातात. आम्ही दोघंही तुझी आठवण काढतो, पण एकमेकांसमोर काढत नाही.

आता कामाचं. निपाणीत देवी आल्या आहेत. पंधरा दिवसांत तीन घरं झाली. परवा देवी टोचणारे नागोजीराव शाळेत आले होते. आठवतात ना? आपल्या अक्कोळला यायचे तेच. केस पांढरे झालेत, बोलणं तेच आहे. मुली घाबरून भिंतीला चिकटल्या, तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "घराला कुत्रं कुणाकुणाच्या हाय?" दहा-बारा हात वर झाले.

"मग ऐका. ही वासराची देवी म्हंजे चोराचं बारकं प्वार. दात न्हाईत, नखं न्हाईत. तुमच्या अंगातल्या कुत्र्याला एक डाव त्येचा वास दावायचा, बस्स. म्होरं त्येचा बा आला, तरी कुत्रं वळखतंय आन् दारातच धरतंय. वास दावला न्हाय, तर बा घरात शिरला तरी कुत्रं झोपलेलंच."

एक धीट मुलगी म्हणाली, "आणि कुत्रं म्हातारं झालं तर?"

"म्हणून तर सात वर्सांनी परत वास द्यायचा, आक्काबाई!" मुली हसल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

आक्का, शालन पाच वर्षांची झाली. सात झाली नाहीत हे मलाही कळतं. पण साथ इतकी जवळ असताना वाट बघू नये. तिला पुन्हा टोचून घे. भोजला नागोजीराव येत्या आठवड्यात येतील. नाही आले तर तू निपाणीला आण. मी समोरसुद्धा येणार नाही.

हा कागद दिवसभर उन्हात ठेवून मगच पाकिटात घालते आहे. काळजी नसावी.

तुझी
ब्राह्मी

निपाणी, ता. ६ जानेवारी १९३६

सौ. आक्का, जयजिनेंद्र.

धनपालरावांच्या अक्षरातलं तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी आहेत, त्या मला पाठ झाल्या. "शालनला अक्कोळास लहानपणी चार ठिकाणी टोचली आहे. दाखला पेटीत आहे. त्यावर चारही उठले असे लिहिले आहे. वहिनी म्हणतात, ते अक्षर तुमचेच, तेव्हा तुम्हांस ठाऊक असावे. शिकलेल्यांनी आपापल्या शाळेतल्या मुलांची काळजी करावी, असे आईचे म्हणणे."

अक्षर माझंच आहे.

तुझ्या सासूबाई रागावल्या आहेत, ते योग्यच आहे. त्यांच्या धाकट्या मुलाला मी नाही म्हटलं आणि ते तुला तुझ्या घरात सोसावं लागलं. मला त्याबद्दल एकदा सगळं लिहायचं आहे, पण आज नाही.

आज एवढंच विचारते. शालनच्या डाव्या दंडावर वण आहेत का? तिला सकाळच्या तिरप्या उन्हात बसवून बघ. टोचलेली देवी खरोखर उठली असली तर वण रुपेरी असतो, किंचित खोल, आणि त्यात टाचणीनं टोचल्यासारखी बारीक टिंबं असतात. नुसता ओरखडा असला तर पांढरी रेघ राहते किंवा काहीच राहत नाही. तेवढं बघून कळव.

तुला लस आवडत नाही हे मी जाणते. आपल्या घरात कुणाला आवडत होती? वासराच्या अंगातून काढतात म्हणून आई टोचून घेतलेल्या लेकराला आठ दिवस देवघराशी जाऊ देत नसे. बेळगावला शिकत होते तेव्हा ती लस तयार करतात ती जागा आम्हाला दाखवायला नेलं होतं. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. काय दिसेल म्हणून मनाची तयारी केली होती. वासरं धुतलेली, पुढ्यात ओला चारा. पोटावरचे केस भादरून तिथं ओरखडे काढतात, पाच-सहा दिवसांनी जे उठतं ते खरवडून घेतात. एक वासरू थरथरत होतं. पुढे बरं झालं की ते मालकाला परत देतात, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मी त्याला दोनदा विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बाई, माझ्या घरातलीच दोन देऊन परत नेल्यात की."

मी बाहेर आले आणि भिंतीशी बसले. त्या वासराला दुखलं हे खोटं नाही. कुणी मला सांगितलं की दुखत नाही, तर मी ते मानणार नाही. पण एका वासराच्या त्या आठवड्यावर शेकडो मुलं वाचतात, हेही खोटं नाही. मी कितीतरी दिवस या दोन गोष्टींपैकी एक पुसून टाकायला बघत होते. दोन्ही राहतात.

शालनचा दंड बघ.

ब्राह्मी

निपाणी, ता. ११ जानेवारी १९३६

सौ. आक्का,

उत्तर आलं नाही. संक्रांत जवळ आली, तू कामात असशील. आमच्या गल्लीत आणखी दोन घरं झाली. शाळा बंद आहे. मी नागोजीरावांबरोबर घरोघर जाऊन याद्या लिहिते. मला पुन्हा टोचून झालं आहे.

दंड पाहिलास का? नुसतं हो किंवा नाही कळव.

ब्राह्मी

निपाणी, ता. १५ जानेवारी १९३६, सकाळ

धनपालराव, नमस्कार.

हे पत्र आक्काचं आहे, पण आधी तुम्हाला लिहिते, कारण वेळ नाही आणि वाचणारे तुम्हीच आहात. मष्णू गाडीवानाच्या हाती देते आहे. तो तंबाखू आणायला तुमच्याच बाजूला निघाला आहे. पत्र तुमच्या हातात दिल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत असं त्याला बजावलं आहे. मष्णूला याच आठवड्यात टोचली आहे.

आज सकाळी नागोजीराव आणि मी जयाबाई कासारणीच्या घरी गेलो. तिची नात अक्काताई, अडीच वर्षांची. तोंडावर, हातांवर देवी फुटल्या आहेत. आदल्या चार दिवसांत पोर कुठं कुठं गेली होती, असं नागोजीरावांनी विचारलं, तेव्हा जयाबाई म्हणाली:

"कुटं जातीया? परवा सोमवारी भोजंला गेलते की, संक्रांतीच्या बांगड्या घिऊन. पोरगी माझ्या पाठीवरच. तापानं फणफणली हुती. तुमच्या आक्कानं, राजमतीबाईनं, सोप्यात वाकाळ हातरून दिली. तिची शालन लई मायाळू बघा. दोपारभर हिच्याजवळ बसली, फुलपात्रानं पाणी पाजलं, तोंड पुसलं."

मी यादी लिहीत होते. पुढचं नाव मला लिहिता आलं नाही.

धनपालराव, शालनला देवी टोचलेली नाही. म्हणजे टोचली, पण ती अंगात राहिली नाही. ती मी पुसली.

शालन पाच महिन्यांची असताना, १९३० च्या डिसेंबरात. आक्का माहेरी होती, हिवतापानं पडून होती. पोरगी रात्रंदिवस माझ्याकडे होती. मी सोळा वर्षांची होते. त्या महिन्यात गावात मुनिमहाराज आले होते आणि मी रोज प्रवचनाला जात होते. महाराजांनी लशीबद्दल एक अक्षर काढलं नाही, हे आधी लिहिते. नियम मी माझा मीच केला. कुणाला तरी दुखवून मिळवलेलं काही आपल्या घरात येऊ द्यायचं नाही, असा. नागोजीरावांनी आमच्या कट्ट्यावर शालनच्या दंडाला चार ठिकाणी ओरखडून लस लावली आणि सांगितलं, वाळू द्या, पुसू नका. ते गल्लीच्या वळणावर गेले आणि मी पोरीला न्हाणीत नेलं. पंचा राखेच्या पाण्यात भिजवून तिचा दंड पुसला. तीनदा. ती रडली नाही, हसत होती. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. पोरीला मी पापातून सोडवलं असं वाटत होतं. मी काही करत नाही, नुसतं होऊ देत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पुसणं हेही करणंच आहे, हे कळायला मला फार दिवस लागले.

आठव्या दिवशी नागोजीराव फोड उठले का बघायला आले. त्या दिवशी महाराजांचा आहार आमच्या घरी होता. तुमच्याही घरी होतो, तेव्हा तुम्हाला सांगायला नको. महाराजांचं ते एकवेळचं भोजन होईपर्यंत बाहेरचं कुणी उंबरठा ओलांडत नाही. नागोजीराव दारात उभे राहिले. त्यांना आणखी दोन गावं करायची होती. त्यांनी बुक माझ्यापुढं धरलं. "बाई, गल्लीत शिकलेल्या तुमी एकट्याच. तुमीच आत जाऊन बघा आन् लिवा." मी आत गेले. शालनच्या दंडावर चार पुसट रेघा होत्या. बाहेर येऊन मी लिहिलं, चारही उठले. सरकारी कागदावर माझ्या हातानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहायला शिकलं नव्हतं. दाखल्यावर माझं अक्षर बघून आप्पांनी तो शेजाऱ्यांना दाखवला होता.

हिवतापातून उठल्यावर आक्कानं मला विचारलं, "उठल्या का गं?" मी म्हटलं, उठल्या आणि वाळल्या.

आता दुसरं, कारण अर्धं सांगणं आता नको. मी तुम्हाला नाही म्हटलं ते तुम्ही चारच इयत्ता शिकलात म्हणून, असं दोन्ही गावांत बोललं जातं. मला पुढं शिकायचं होतं हे खरं. पण तेवढंच असतं तर मी थांबा म्हटलं असतं. तुमच्या घरी आले असते तर रोज शालनला न्हाऊ घालताना तिचा दंड मला दिसला असता. ते मला झेपलं नसतं. तुमच्यात काही उणं नव्हतं. हे तुमच्या तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही, आणि आता तुमच्याच तोंडानं आक्काला ऐकू जाणार आहे.

आता काय करायचं ते. नागोजीराव म्हणतात, "खरी देवी अंगात बारा दिवस दबा धरून बसती. आमची आठव्या दिशी उभी ऱ्हाती. शर्यत लावली तर आमची फुडं जाती, पर पैल्या तीन दिसांत सोडली तर." सोमवार, मंगळवार, बुधवार. उद्या गुरुवारी सकाळी पोर इथं पोचलीच पाहिजे. गावात आणू नका. जकातनाक्याच्या अलीकडे लिंबाखाली नागोजीराव दिवस उगवल्यापासून थांबतील. मी त्या घरांतून फिरते आहे, म्हणून मी जवळ येणार नाही. तुम्हीही टोचून घ्या. तुमच्या घरातल्यांना टोचायला नागोजीराव दुसऱ्या दिवशी येतील.

आक्काला हे सगळं वाचून दाखवा. गाळू नका.

ब्राह्मी

निपाणी, ता. २५ जानेवारी १९३६

धनपालराव, नमस्कार.

नागोजीराव काल भोजहून आले. आल्याआल्या त्यांनी बुक उघडून माझ्यापुढं धरलं. शालन, तीन उठले, एक नाही. त्यांच्याच वाकड्या अक्षरात. "एक उटला आस्ता तरी चाललं आस्तं," म्हणाले. "ताप हाय थोडा, त्यो ह्येचाच. कुत्रं जागं झालंय." मी त्यांना दंड कसा दिसतो ते तीनदा विचारलं. शेवटी ते वैतागले. "बाई, मोत्यावानी फोड, मधी खळगा, भवती लाल. आता चितारून दाऊ का?"

अजून पाच-सहा दिवस धोका आहेच. शालनला अंगावर कुठं काही दिसलं तर मष्णूबरोबर निरोप द्या.

जयाबाईची अक्काताई मंगळवारी गेली. मी दारात उभी होते. जयाबाई रडत नव्हती. बांगड्यांचा हारा, ती मोठी टोपली, पुढं घेऊन बसली होती. मला म्हणाली, "देवी डाक्टर गल्लीत आला की मी हिला ह्या हाऱ्यात घालून वर फडकं टाकायची. गुमान बसायची बघा. हूं न्हाय की चूं न्हाय." मी तिला काय म्हणणार? तिनं फडकं टाकलं, मी पंचा फिरवला. तिची पोर गेली, शालन तुमच्या अंगणात खेळते आहे. हा फरक माझ्या शहाणपणानं पडलेला नाही. मष्णूचे बैल वेळेवर पोचले, आणि तुम्ही उजाडायच्या आत निघालात, म्हणून पडला.

गुरुवारचं लिहायला हवं. तुम्ही शालनला खांद्यावर घेऊन आलात तेव्हा मी नाक्याच्या पलीकडे उभी होते. ती माझ्याकडे बघून तुम्हाला विचारत होती, ती बाई कोण. टोचून झाल्यावर तुम्ही तिथूनच ओरडून म्हणालात, "पत्र वहिनीला वाचलं न्हाय. बाजार दावतो म्हणून आणलंय हिला."

मी विचारलं, का नाही वाचलं?

"पोरीला टोचायचं हुतं न्हवं? झालं की. आता घरात आगीचा डोंब कशाला? चुलीत घातलं ते." आणि गाडीकडे वळताना तुम्ही म्हणालात, "एक पान ठेवलंय. ते माझं हाय."

मी गाडी वळेपर्यंत उभी राहिले.

तुम्ही केलंत ते चांगुलपणानं केलंत. पोर वाचेल, कुणाला काही कळणार नाही, दाखल्यावरचं वाक्य आता जवळजवळ खरंही झालं. दहा दिवस मी या सुटकेजवळ जाऊन परत येते आहे. तुम्हाला वाटेल, ही बाई बऱ्या झालेल्या जखमेला उकरते. पण आक्कानं लेक माझ्या हातात दिली होती. त्या हातानं काय केलं हे फक्त तिलाच ठाऊक नाही, असं मी ठेवू शकत नाही. शालनला काही झालं असतं तर मी सांगितलं असतं, आणि काही झालं नाही म्हणून सांगायचं नाही, हा कसला हिशेब?

धोक्याचे दिवस संपले की दोन फेब्रुवारीला, रविवारी, मी भोजला येईन. आक्काला मीच सांगेन. तुमच्या आई दाराबाहेर उभं करतील तर बाहेरून सांगेन. तुम्ही घरी नसलात तर बरं.

ब्राह्मी

अक्कोळ, ता. १० फेब्रुवारी १९३६

धनपालराव, नमस्कार.

रविवारी मी आले तेव्हा तुम्ही मळ्याकडे निघून गेलात. त्याबद्दल आभार. नंतर आक्कानं तुम्हाला काही सांगितलं नसणार, आणि ती अचानक माहेरी का निघून आली याचा तुमच्या घरात विचार चालला असेल. म्हणून लिहिते.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी चौकटीशी उभी राहून सगळं सांगितलं. न्हाणीतलं, दारातलं, तिच्या आजारपणातलं. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. मग शालन धावत आली. आक्कानं तिला जवळ ओढून झंपराची बाही वर केली आणि खपल्या बघितल्या. एक, दोन, तीन. बाही खाली केली. "जा, खेळ जा."

मला वाटलं, आता ती मला हाकलेल, किंवा रडेल. दोन्हींची तयारी करून मी आले होते. तिनं विचारलं,

"आणिक कुणाचं लिवलंस?"

हे मी तुम्हाला त्या पत्रात लिहिलं नव्हतं. गाळू नका म्हणून तुम्हाला बजावलं आणि मीच गाळलं होतं. त्या दिवशी नागोजीराव उभे राहिले ते आमच्याच दारात, पण माझ्याकडून नावं लिहून घेतली ती सगळ्या गल्लीची. आहाराचा दिवस, सगळी गल्ली सोवळ्यात. बुक घेऊन मी पाच घरी गेले होते. आपल्याच घरातल्या पोरीचा दंड बघून आलेली मी दुसऱ्यांच्या लेकरांचे दंड कोणत्या तोंडानं बघणार? बायका आतूनच म्हणाल्या, उठल्यात गं, लिही. मी लिहिलं.

"किती?" आक्का म्हणाली.

"पाच."

"बघितलंस?"

"नाही."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली. "माझी एक वाचली म्हणून तू मला सांगाय आलीस. आन् ती पाच?" मग पीठ झटकून उठली. "मी तुझ्यासंगं बोलणार न्हाय, ब्राह्मी. शनवारी अक्कोळला येतीया. नागोजीला घिऊन ये."

शनिवारपासून आम्ही इथं आहोत. नागोजीरावांना सगळं आधी सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी पेटवायला काढलेली बिडी पुन्हा खिशात घातली. म्हणाले, "उंबऱ्याभाईर मी उभा ऱ्हायलो, ती माझी चूक. बुक माझं हुतं." शाळेच्या अधिकाऱ्यांनाही मी आज वेगळं लिहिलं आहे. काय व्हायचं ते होईल.

प्रत्येक दारात आक्का पुढं जाते. मी मागं, नागोजीराव त्याच्या मागं. ती सरळ म्हणते, "माझ्या पोरीच्या दाखल्यावर लिवलेलं खोटं हुतं. तुमच्या पोराचंबी ह्याच हातानं लिवलंय. दंड दावा." पहिल्या घरात आम्हाला आत घेतलं नाही. आक्का पायरीवर बसून राहिली. दुपारी त्यांनीच मुलाला बाहेर आणलं. वण खरे निघाले, चारही. दुसऱ्या घरातही खरे. तिसऱ्या घरात दंड कोरा. त्या मुलाच्या बापानं मला जे ऐकवलं ते लिहीत नाही, त्यातलं चुकीचं काही नव्हतं. नागोजीराव तोवर टोचून मोकळे झाले होते.

चौथं घर शेजारच्या काकींचं. त्यांचा यशोधर आता साडेपाच वर्षांचा आहे. दंड कोरा होता. मी म्हटलं, काकी, मी तेव्हा आत येऊन बघितलं असतं तर त्याच दिवशी पुन्हा टोचता आलं असतं. काकी म्हणाल्या,

"उटलंच नव्हतं गं. तू पोरीला न्हाणीत पुसताना म्या भिताडावरनं बघितलं हुतं. म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी पुसतीया, म्हंजे काय तरी असंल. मग म्या बी पुसलं."

माझ्या एका पंचानं किती दंड पुसले, हे मला पाच वर्षांत सुचलंही नव्हतं. मी माझं पाप मोजत होते. काकी माझ्याकडून शिकल्या होत्या.

संध्याकाळी मी नागोजीरावांना विचारलं, मग ही मुलं पाच वर्षं सुखरूप राहिली कशी? ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या दंडावर ऱ्हायली, बाई. गल्लीत नऊ टोचलेली असली की धाव्यापत्तोर जायाला देवीला वाट गावत न्हाय. पर त्येच्यावर निजू नगा. नवाची सात व्हायाला किती येळ?" म्हणजे ज्यांनी रडत-कुरकुरत टोचून घेतलं, त्यांच्या मागं आमची कोरी लेकरं इतके दिवस उभी होती. त्यांना हे माहीतही नाही.

पाचवं घर उठून इचलकरंजीला गेलं आहे. पत्ता मिळाला. उद्या पहाटे निघतो. आप्पा सारखे दोघींच्या मधे येऊन बसतात आणि उठून जातात.

आक्का आता माझ्या शेजारी बसली आहे. तुम्हाला निरोप लिही म्हणते, आणि तिनं सांगितलं तसंच्या तसं लिहायचं, एक अक्षर इकडंतिकडं नको, असंही म्हणते. ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे:

"भावजी, उद्या येत न्हाय, परवा येतीया. इचलकरंजीत एक पोर हाय, त्येचा दंड बघून येतो. शालनला खपली ओढू दिऊ नगा, हात बांधा लागलं तर. सासूबाईंना सांगा, मी माहेरी भांडाय गेलेली न्हाय, कामाला गेलीया. आन् हिच्यासंगं मी अजून बोलत न्हाय, हे बी तिला लिवाय सांगितलंय."

ब्राह्मी